‘आधी प्रवासी दाखवा, मग पैसे मागा’: एका करदात्या ठाणेकराला उत्तर

‘करदाता ठाणेकर’ यांस,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया एक अक्षरही न गाळता मंजूर केली आहे. ‘लोकांच्या पैशावर डल्ला मारणाऱ्यांची वकिली’ हे शब्दसुद्धा जसेच्या तसे ठेवलेत. ते आणि त्यांची भावंडं गाळली असती, तर उत्तर द्यावं असं एकच वाक्य उरलं असतं.

मूळ लेख न वाचता थेट इथे आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझं म्हणणं एवढंच होतं, की ठाण्यात सार्वजनिक वाहतुकीवर खर्च व्हावा असं जो तो म्हणतो, पण मनात असते मेट्रो. टीएमटीच्या, म्हणजे ठाणे पालिकेच्या बससेवेच्या, अनुदानाचा विषय निघाला की तोच माणूस हात आखडता घेतो. सोबत लॉस एंजेलिसचं एक उदाहरण दिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘घोडबंदर रोडला दुपारी रिकाम्या टीएमटी पळताना रोज बघतो. आधी प्रवासी दाखवा, मग आमच्या करातून पैसे मागा. एसीत बसून लॉस एंजेलिसच्या गोष्टी सांगणाऱ्या तुमच्यासारख्या विद्वानांना बसचा दांडा धरायची वेळ कधी आलेली नाही.’ पुढे परिवहन समितीतल्या नेमणुका, बंद पडणारी तिकीट मशीन आणि थांब्यांवर वेळापत्रक नसणं, असे आणखी तीन मुद्दे आहेत.

आधी भाषेचं बघू. माझ्या नोकरीची सगळी वर्षं बसच्या वेळापत्रकांत गेली आहेत. कुठली गाडी किती वाजता डेपोतून काढायची, चालक-वाहकाची ड्युटी कुठे बदलायची, दुपारच्या कुठल्या फेऱ्या कापल्या तर संध्याकाळी त्याचे काय भोग भोगावे लागतात, हे मला कोणी गाडीच्या काचेआडून शिकवू नये. मतभेद असू द्या, हरकत नाही. पण ‘तुमच्यासारखे विद्वान’ हा काही युक्तिवाद नव्हे. टोपणनावाने लिहिताना माणूस जरा सैल सुटतो, हे मी समजू शकतो. सोडून दिलंय असं मात्र समजू नका.

थांब्यावर वेळापत्रक नसतं, हे तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पहिली बस, शेवटची बस आणि गर्दीच्या वेळी दर किती मिनिटांनी गाडी, एवढ्या तीन ओळी पत्र्यावर रंगवायला फारसा खर्च येत नाही. त्या असायलाच हव्यात.

आता ‘आधी प्रवासी दाखवा’.

दुपारी दोन वाजता वाघबीळला तुम्हाला रिकामी बस दिसते. दिसणारच. ती बस कासारवडवलीहून माणसं भरून स्टेशनला गेली आणि पुन्हा माणसं आणायला उलटी आली. उलट्या दिशेला त्या वेळी कोण जाणार? हिशेब मांडून दाखवतो. बसची आसनं ४०. स्टेशनकडे जाताना माणसं ६०, म्हणजे २० जण उभे. परतताना १०. दोन्ही फेऱ्यांचं मिळून भारमान, म्हणजे आसनांच्या तुलनेत प्रवासी, ८७.५ टक्के. हा आकडा कुठलाही डेपो मॅनेजर हसत स्वीकारेल. पण समोरच्या लेनमधून बघणाऱ्याला दहा डोकी दिसतात आणि तो घरी जाऊन प्रतिक्रिया लिहितो.

दुसरी गोष्ट, बस कुठे मोजायची. घोडबंदरच्या वरच्या टोकाला गाडी नुकती भरायला लागलेली असते. ओवळा, कासारवडवली, वाघबीळ, पातलीपाडा, मानपाडा असं करत ती कापूरबावडी-माजिवड्यापर्यंत भरत येते. मार्गावर जिथे गाडीत सर्वांत जास्त माणसं असतात तिथे उभं राहून मोजायचं असतं, कारण किती गाड्या लावायच्या हे त्या जागेवरून ठरतं. टोकाला उभं राहून मोजलं तर जगातली प्रत्येक बस रिकामी निघेल.

तिसरी गोष्ट सगळ्यांत कमी लोकांच्या लक्षात येते. तुम्ही पाहिलेली ती रिकामी बस बहुतेक जोडीतली दुसरी असते. एक गाडी सिग्नलला किंवा मेट्रोच्या बॅरिकेडपाशी पाच मिनिटं अडकली की पुढच्या प्रत्येक थांब्यावर तिची वाट बघणारे वाढतात. माणशी दोन-तीन सेकंद चढायला धरा, वीस माणसं म्हणजे जवळजवळ एक मिनिट. गाडी आणखी मागे पडते, आणखी माणसं जमतात. तिच्या मागच्या गाडीला मात्र प्रत्येक थांबा मोकळा मिळतो, म्हणून ती झपाझप येऊन तिच्या शेपटीला चिकटते. पहिलीला लोंबकळणारे, दुसरीत वाहक खिडकीपाशी बसलेला. कागदावर दर दहा मिनिटांनी बस आहे. प्रत्यक्षात वीस मिनिटांनी दोन येतात आणि थांब्यावरच्या माणसाची सरासरी वाट पाच मिनिटांची दहा मिनिटं होते. हा दोष प्रवाशांचा नाही. टर्मिनसला गाडी दोन मिनिटं धरून ठेवायला वाहतूक नियंत्रक लागतो आणि धरून ठेवता येईल एवढी शेड्यूलमध्ये जागा लागते. दोन्हीला पैसे पडतात.

किती पैसे, तेही बघू. तुम्हाला हिशेब हवा होता ना? कागद-पेन्सिल घ्या.

कासारवडवली ते ठाणे स्टेशन एका बाजूला ५५ मिनिटं धरा, दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटांचा थांबा. पूर्ण चक्कर १२० मिनिटांची. दर १० मिनिटांना बस द्यायची तर १२ गाड्या लागतात. रस्त्यात खोदकाम निघालं आणि प्रत्येक बाजूला १५ मिनिटं वाढली, की चक्कर १५० मिनिटांची होते. त्याच १० मिनिटांसाठी आता १५ गाड्या हव्यात. एकही प्रवासी वाढला नाही, सेवा तीच, पण गाड्या, चालक, वाहक पाव पटीने जास्त. त्या तीन गाड्या मिळाल्या नाहीत तर बस साडेबारा मिनिटांवर जाते आणि तुम्ही म्हणता, टीएमटीचा कारभार ढिसाळ.

शिवाय १२ गाड्या रस्त्यावर हव्या असतील तर डेपोत १३-१४ असाव्या लागतात. कुठलीतरी गाडी हवेचा दाब धरत नाही, म्हणजे ब्रेकचा भरवसा नाही, म्हणजे ती बाहेर काढायची नाही. कुणाची क्लच प्लेट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगून रांगून जळते. रेडिएटर गळतो, एसी गाडीचा कॉम्प्रेसर ऐन मे महिन्यात बसतो. ही कामं मोठी नसतात. अडतं ते सुट्या भागांच्या बिलांपाशी. पालिकेचं अनुदान दोन महिने उशिरा आलं की पुरवठादाराचं बिल थकतं. बिल थकलं की तो उधारीवर माल देत नाही, आणि सगळी धड असलेली बस एका भागासाठी पिटवर, म्हणजे दुरुस्तीच्या खड्ड्यावर, उभी राहते. सकाळी फेरी रद्द. त्या फेरीचे प्रवासी रिक्षात. महिन्याच्या अहवालात काय येतं? ‘प्रवासी घटले.’

आणि मग तुमच्यासारखा कोणीतरी सुचवतो की प्रवासी कमी आहेत, फेऱ्या कापा. कापू या. १२ गाड्यांच्या ८ केल्या. बस १० वरून १५ मिनिटांवर गेली. यातली एक बंद पडली तर १२ गाड्या असताना मधलं अंतर २० मिनिटांचं व्हायचं, आता ३० मिनिटांचं होतं. समोर शेअर रिक्षा ‘एक सीट, एक सीट’ ओरडत उभी आहे. कोण थांबेल? आधी जवळच्या अंतरावरचा प्रवासी जातो, कारण दहा मिनिटांच्या प्रवासासाठी अर्धा तास कोणी उभं राहत नाही. आणि बसला किलोमीटरमागे उत्पन्न याच प्रवाशाकडून जास्त मिळतं. एकाच आसनावर तीन-चार तिकिटं फाटतात ती त्याच्यामुळे. तो गेला की किलोमीटरमागचं उत्पन्न पडतं, पुढच्या अंदाजपत्रकात तूट वाढलेली दिसते आणि पुन्हा फेऱ्या कापायचा प्रस्ताव येतो.

बरं, कापून वाचतं काय? दुपारची फेरी रद्द केली तर इंधन आणि थोडा टायर. चालक-वाहकाची ड्युटी आठ तासांची आहे, पगार तोच. गाडी घेऊन झालेली आहे. ठेकेदाराच्या गाड्या असतील तर करारात दर महिन्याचे किमान किलोमीटर ठरलेले असतात. त्यापेक्षा कमी पळवल्या तरी न पळवलेल्या किलोमीटरचे काही पैसे मोजावे लागतात. म्हणजे उत्पन्न पूर्ण जातं आणि खर्च चतकोर वाचतो. दुपारी दोनला उड्डाणपुलावरही गाड्या कमीच असतात. म्हणून पूल भंगारात काढा असं कुणी म्हणत नाही, भारमान फक्त बसलाच विचारायचं.

‘आधी प्रवासी’ हा न्याय खाडीपलीकडे, नवी मुंबईला लावून बघा. ९ मे १९९२ ला मानखुर्द ते वाशी लोकल सुरू झाली. खर्चाचा वाटा सिडकोचा ६७ टक्के, रेल्वेचा ३३ टक्के. तेव्हा वाशीकरांना ‘आधी प्रवासी दाखवा’ म्हटलं असतं, तर दाखवायला एसटीच्या रांगेपलीकडे होतं काय? गाडी आली, मग आणखी माणसं राहायला आली. उलटं उदाहरणही तिथलंच. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, ११ किलोमीटर, ११ स्थानकं. सुरुवातीला दर १५ मिनिटांनी गाडी. एवढ्याशा अंतरासाठी १५ मिनिटं म्हणजे प्रवाशाला रिक्षात बसायचं आमंत्रणच. रूळ टाकले म्हणजे प्रवासी येतात, असं मी कधीच म्हटलेलं नाही. फेऱ्या असल्या तर येतात.

भाडं कमी करूनही येतात, पण तेवढ्याने टिकत नाहीत. बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान भाडं ८ रुपयांवरून ५ केलं आणि गर्दी उसळली. पुढे गाड्यांचा ताफा आटत गेला आणि मे २०२५ मध्ये किमान भाडं १० रुपये झालं. तूट कुणीतरी भरायची असते. ती कायम कुठून भरायची हे न ठरवता भाडं पाडलं, की काही वर्षांनी प्रवाशालाच एकदम दुप्पट मोजावं लागतं.

आता तुमच्या करदातेपणाबद्दल, कारण ते तुम्ही नावातच लावलंय. शहर बसच्या तिकिटावर साडेतीन टक्के प्रवासी कर असतो, वर पोषण अधिभार. तो राज्य सरकारला जातो. म्हणजे पातलीपाड्याहून उभ्याने येणारी बाई तिकीट काढतानाही कर भरते. आणि तुम्ही? ठाण्यात १ एप्रिल २०२२ पासून घर घेताना मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या एक टक्का जास्त द्यावा लागतो, लोक त्याला मेट्रो सेस म्हणतात. ८० लाखांच्या फ्लॅटवर ८० हजार रुपये. हे ८० हजार देताना किती जणांनी ‘आधी मेट्रोचे प्रवासी दाखवा’ म्हटलं? बिल्डरच्या ऑफिसात सही करताना ती रक्कम शुल्कात मिसळलेली असते, दिसत नाही, म्हणून टोचत नाही. बसचं अनुदान दरवर्षी अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दिसतं, म्हणून प्रत्येकाच्या डोळ्यांत खुपतं.

घोडबंदरच्या अनेक मोठ्या संकुलांत स्टेशनपर्यंत सोसायटीची स्वतःची बस असते. तिचा खर्च मेंटेनन्सच्या बिलात येतो आणि जे बसत नाहीत तेही तो भरतात, कारण बस आहे म्हणून फ्लॅटला भाव आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत या बसचं भारमान कुणी काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. न बसणाऱ्याने बससाठी पैसे देणं तुम्हाला इतकं अन्यायाचं वाटत असेल, तर आधी आपल्या गेटच्या आतलं बिल तपासा. तुमच्या संकुलात बस नसेल, तर हा परिच्छेद शेजारच्यांना दाखवा.

लॉस एंजेलिस का आणलं, तेही सांगतो. ती गोष्ट मला मिरवायला नको होती. तिथे वाहतुकीच्या पैशासाठी थेट मतदान होतं, आपल्याकडे होत नाही. पुढच्या तिन्ही प्रस्तावांना दोन-तृतीयांश मतं लागत होती. २००८ मध्ये अर्धा टक्का विक्रीकर सुमारे ६८ टक्के मतांनी मंजूर झाला. तोच पुढे वाढवायचा प्रस्ताव २०१२ मध्ये ६६.१ टक्के मतं मिळूनही थोडक्यात पडला. २०१६ मध्ये आणखी अर्धा टक्का ७१ टक्क्यांनी मंजूर झाला. आणि त्याच काळात तिथल्या बसचे प्रवासी घटत होते. कर मंजूर करणारे बहुतेक जण स्वतः गाडीने फिरणारे. ‘दुसरे बसने गेले तर माझा रस्ता मोकळा होईल’ असा विचार त्यातल्या पुष्कळांचा असावा. म्हणजे मतदाराचा पाठिंबा आणि प्रवाशांची संख्या या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली की दुसरी आपोआप येत नाही. तुमचं ‘आधी प्रवासी दाखवा’ हे वाक्य नेमकं या दोन गोष्टींची गाठ मारतं. म्हणून ते उदाहरण दिलं होतं, फिरायला गेलो होतो हे सांगायला नाही.

आपल्याकडे मत कुठे दिलं जातं? परिवहन व्यवस्थापक अंदाजपत्रक मांडणार, ते परिवहन समितीकडून स्थायी समितीकडे आणि तिथून महासभेत जाणार. ठाणे पालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, नवी मुंबईची मे २०२०मध्ये. त्यानंतरची कितीतरी अंदाजपत्रकं प्रशासकांनी मांडली आणि प्रशासकांनीच मंजूर केली. ‘आमच्या करातून’ म्हणणाऱ्याला त्या काळात कुणी विचारलंच नव्हतं, हा तुमचा राग असेल तर मी तुमच्या बाजूचा आहे. पण तो राग बसवर काढू नका.

आणि नगरसेवक असतानाही काय होतं? बसथांब्याची शेड उभी राहते, तिच्यावर ‘अमुक यांच्या निधीतून’ अशी पाटी लागते, फोटो लागतो. सकाळी ८:१० च्या फेरीवर पाटी लावता येत नाही. म्हणून शेड तीन आणि बस एक, अशी स्थिती होते. नव्या मार्गाला झेंडा दाखवतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. सहा महिन्यांनी त्यातल्या निम्म्या फेऱ्या गळतात तेव्हा तिकडे कुणी फिरकत नाही. मतदारही त्याबद्दल कधी जाब विचारत नाही, कारण त्यालाही शेड दिसते, फेरी दिसत नाही. लेखात मी हेच लिहिलं होतं. तुम्ही पहिल्या परिच्छेदानंतर वाचायचं थांबवलंत, असा माझा अंदाज आहे.

परिवहन समितीतल्या नेमणुकांबद्दल तुम्ही जे लिहिलंय तो वेगळा विषय आहे, त्यात मी पडत नाही. तिकीट मशीनचंही सोडा, बॅटरी उतरली की कुठलंही यंत्र बंद पडतं.

आता तुम्हाला खरंच प्रवासी बघायचे असतील तर सोपा मार्ग सांगतो. कामाच्या दिवशी सकाळी सव्वाआठ ते सव्वानऊ माजिवड्याला उभे राहा. कागदावर चार रकाने आखा: वेळ, मार्ग क्रमांक, गाडीवरचा बस नंबर, गर्दी. गर्दीला पाच खुणा पुरतात: आसनं रिकामी, आसनं भरलेली, काही उभे, खचाखच, दारात लोंबकळणारे. दोन गाड्या पाठोपाठ आल्या तर कंस करा. दुपारी दीड ते अडीच पुन्हा तेच करा. मंगळवार किंवा बुधवार घ्या, सोमवारी आणि शुक्रवारी आकडे तिरके येतात. तक्ता मला पाठवा, तुमच्या टोपणनावासकट छापतो, एक आकडा बदलणार नाही. फक्त सकाळी स्टेशनकडे जाणाऱ्या बाजूला उभे राहा. समोरच्या बाजूने मोजून पुन्हा ‘रिकाम्या’ लिहिलंत तर ती प्रतिक्रिया मात्र मंजूर होणार नाही.